ठाऊक असलेलं हसू

शिमग्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या वाड्यावाड्यांतून नमनाचे खेळ होतात. मृदुंगावर थाप पडते, गण होतो, गवळण येते, मावशी आणि पेंद्याची जुंपते, मग वग उभा राहतो. काळा वेश, डोक्यावर उंच निमुळती टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं अशा थाटात संकासुर येणार, हे अंगणातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. गवळणी म्हणून ठुमकत आलेले सगळे वाडीतलेच बाप्ये आहेत, त्यातला एक सकाळी आपल्याच बागेत कलमांना पाणी घालत होता, हेही माहीत असतं. मावशी काय विचारणार आणि कृष्ण काय उत्तर देणार, ते पुढच्या रांगेतली आजी आधीच पुटपुटत असते. तरीही उत्तर आलं की मांडव हसतो, आणि सगळ्यात मोठ्यानं हसते ती आजीच.

मराठी विनोदी चित्रपटांवरचं हे पुस्तक लिहिताना मला पुन्हा पुन्हा या मांडवाकडे यावं लागलं. विनोदाची उपपत्ती सांगताना आपल्याकडे बहुतेक वेळा अपेक्षाभंगावर बोट ठेवलं जातं: वाटलं एक, झालं भलतंच, म्हणून हसू आलं. एका विनोदाला एकदाच हसायचं असेल तर ते पुरतं. पण ‘अशी ही बनवाबनवी’ पाठ असलेला माणूस ती पुन्हा लावतो आणि पुन्हा हसतो, तेव्हा कोणती अपेक्षा भंग पावते? कोणतीच नाही. उलट अपेक्षा तंतोतंत पुरी होते आणि म्हणूनच तो खूश होतो. या पुस्तकात मी याच गोष्टीचा पाठपुरावा केला आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: जो विनोद नुसत्या धक्क्यावर उभा असतो तो पहिल्या खेळाला संपतो, जो माणसाच्या खऱ्या अडचणीवर उभा असतो तो टिकतो, कारण ती अडचण आपल्याही घरात असते आणि दर वेळी ती नव्यानं आठवते.

गणपतीपुळ्याला आमच्या घरी पर्यटकांना उतरण्यासाठी दोन खोल्या आहेत. पुणे, सांगली, कोल्हापूर, इचलकरंजीकडची माणसं येतात. देवाचं दर्शन होतं, डोंगराची प्रदक्षिणा होते, मालगुंडला केशवसुतांचं स्मारक बघून होतं आणि मग पाऊस सुरू होतो. समुद्रावर जायची सोय नसते. ओटीवरच्या टीव्हीभोवती सगळी जमतात आणि चॅनल फिरवता फिरवता हात थांबतो तो ठरावीक चित्रपटांवरच. आजोबांनी तो थिएटरात पाहिलेला असतो, आईवडिलांनी कॅसेटवर किंवा दूरदर्शनवर, मुलांनी मोबाइलवर तुकड्यातुकड्यांनी. २००७ साली ‘झी टॉकीज’ सुरू झाल्यापासून तर हे चित्रपट घराघरांत मुक्कामालाच आले. मला या बैठकीत पडद्यापेक्षा माणसांकडे बघायची सवय लागली. कोण कुठे हसतं, कोण हसण्याआधीच शेजारच्याच्या मांडीवर हात ठेवतं, कोण वाक्य पडद्याच्या आधी म्हणून मोकळं होतं. या पुस्तकातली बरीचशी निरीक्षणं त्या ओटीवरची आहेत.

‘बनवाबनवी’चीच गोष्ट आधी घेऊ, कारण तिला वळसा घालून या विषयात पुढे जाताच येत नाही. १९८८ सालचा चित्रपट, दिग्दर्शक सचिन पिळगावकर, लेखणी वसंत सबनीसांची. चार जणांना पुण्यात राहायला जागा हवी आहे. घरमालकीण लीलाबाई काळभोर जोडप्यांनाच जागा देणार, म्हणून दोघं साड्या नेसून दुसऱ्या दोघांच्या बायका होतात. कथा मुळात मराठी नव्हेच. हृषीकेश मुखर्जींनी १९६६ साली ‘बीवी और मकान’ नावाचा हिंदी चित्रपट याच कल्पनेवर काढला होता आणि त्याच्याही आधी १९५५ साली बंगालीत ‘जय माँ काली बोर्डिंग’ येऊन गेला होता. हृषीकेश मुखर्जींसारख्या दिग्दर्शकाचा तो हिंदी चित्रपट आज किती जणांना आठवतो? गोष्ट तीच, वेषांतर तेच, घोटाळेही जवळपास तेच. मग मराठीतच ती दोन पिढ्यांच्या तोंडी कशी बसली?

माझ्या मते याचं निम्मं श्रेय सबनीसांच्या कानाला जातं. ‘विच्छा माझी पुरी करा’ हे १९६५ चं लोकनाट्य त्यांचंच आणि दादा कोंडक्यांचा ‘सोंगाड्या’ (१९७१) हाही त्यांच्याच लेखणीतला. प्रेक्षकाला गोष्ट माहीत आहे हे धरूनच लोकनाट्याचा लेखक लिहितो. त्याला पुढचं वळण लपवायचं नसतं. त्या वळणापर्यंत जाताना तोंडाला तोंड कसं लागेल ते बघायचं असतं. ‘बनवाबनवी’तले संवाद असे आहेत की ते उच्चारताना कोणत्याही मराठी माणसाला आपण अभिनय करतोय असं वाटत नाही. चौघांपैकी धनंजय मानेचे आधीचे घरमालक विश्वासराव सरपोतदार मधुमेहाच्या औषधासाठी त्याला दिलेल्या सत्तर रुपयांची चौकशी करतात तो प्रसंग बघा. औषध इस्रायलहून यायचं असतं. धनंजय सांगतो की ते आणणारा मित्र वारला. सरपोतदार सत्तर रुपयांचं काय म्हणून विचारतात, तर तेही वारले.

हा प्रसंग मी किती बारकाईनं पाहिला असेल! धनंजय झालेल्या अशोक सराफ यांच्या चेहऱ्यावर तिथे मिश्कीलपणाचा लवलेश नाही. मित्र गेल्याचं ज्या गंभीर सुरात सांगितलं त्याच सुरात पैसे गेल्याचं सांगतात, जणू एकाच घरात दोन मयती झाल्या आहेत. आणि सुधीर जोशी? त्यांच्या सरपोतदारांना राग येत नाही. ते क्षणभर थांबतात, हिशेब मनात फिरतो, आणि दुखवट्याच्या घरात पैशाचा विषय काढू नये हा मराठी मध्यमवर्गी संकोच त्या सत्तर रुपयांवर मात करतो. हसू त्या थांबण्यात आहे. पहिल्यांदा बघताना आपण संवादाला हसतो. पुढच्या वेळांना आपलं लक्ष त्या थांबण्याकडे जातं आणि मग मात्र तो प्रसंग कधीच जुना होत नाही, कारण असं थांबलेले आपले काका, आपले वडील आपल्याला ठाऊक असतात.

उरलेलं श्रेय जागेच्या अडचणीला. ती लेखकानं रचलेली नव्हती. रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. इथल्या कितीतरी गावांनी मुंबईत वर्गणी काढून गावकीच्या खोल्या घेतल्या होत्या. गिरणीत पाळी, तशी खोलीतही पाळी: रात्रपाळीचा आला की दिवसपाळीचा उठणार, वळकटी एकाची गुंडाळली जाणार आणि दुसऱ्याची पसरणार. ट्रंक भिंतीला, जेवण खानावळीत, बायकामुलं गावाला. पुरुषांनी पुरुषांबरोबर संसार करायचा, कोणी भात टाकायचा, कोणी भांडी घासायची, हे इथल्या आजोबांनी प्रत्यक्ष केलेलं आहे. ते जेव्हा लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या पार्वतीला पदर सांभाळत घरकाम करताना बघतात तेव्हा त्यांच्या हसण्यात एक ओळख असते. सचिनची सुधा नाजूक आहे, बेतानं चालते. बेर्डे यांची पार्वती मात्र आपण बाई आहोत हे दर दोन मिनिटांनी विसरते. खोली टिकवायची तर हे विसरून चालणार नाही, आणि माणूस तर विसरणारच. या ताणावर सगळा चित्रपट चालतो.

जागेचं हे प्रकरण मराठी विनोदी चित्रपटात किती खोलवर मुरलं आहे ते मला पुस्तकाची जुळवाजुळव करताना उमगलं. राजा ठाकुरांचा ‘मुंबईचा जावई’ (१९७०) नवविवाहित जोडप्याला एकांत न देणाऱ्या मुंबईतल्या लहानशा घराचा; त्यावरूनच दोन वर्षांनी हिंदीत ‘पिया का घर’ झाला. सचिनचाच ‘आयत्या घरात घरोबा’ (१९९१) घ्या. श्रीमंतांचा बंगला रिकामा पडला की त्यात बिनदिक्कत जाऊन राहणारा अशोक सराफ यांचा गोपूकाका त्यात आहे. जागा नसलेल्यानं जागा असलेल्यांच्या घरात कुटुंब उभं करायचं, ही कल्पना ज्या महाराष्ट्रात लोकांना गोड वाटली तिथे घराची भूक किती असेल! विनोद वजा केला तर या तिन्ही गोष्टी डोळ्यांत पाणी आणतील अशा आहेत. या कसोटीवर मी पुस्तकातला प्रत्येक चित्रपट घासून पाहिला. हसू काढून घेतल्यावर खाली काही उरतं का? उरत असेल तर तो परत बघवतो.

मुंबईत खोली नाही आणि कोकणात घराला कुलूप, ही एकाच गोष्टीची दोन टोकं. त्यामुळे कोकणातला विनोदी चित्रपट खोलीवर उभा राहत नाही, तो जमिनीवर राहतो. ‘नारबाची वाडी’ (२०१३) माझ्या दृष्टीनं त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण. आदित्य सरपोतदार यांचं दिग्दर्शन, गुरू ठाकूर यांचं लेखन, आणि मूळ पुन्हा बंगालीच: मनोज मित्र यांचं ‘साजानो बागान’ हे नाटक, ज्यावर तपन सिन्हांनी १९८० साली ‘बांछारामेर बागान’ केला. म्हाताऱ्या नारबाचा जीव त्याच्या माडापोफळींच्या वाडीत आहे आणि खोताचा डोळा त्याच वाडीवर आहे. शेवटी करार होतो की नारबाला जिवंत असेपर्यंत दरमहा पैसे मिळतील आणि तो गेला की वाडी खोताची. मग नारबा जातच नाही. आता जाईल, उद्या जाईल करत खोतच झिजत राहतो.

दिलीप प्रभावळकरांचा नारबा आणि मनोज जोशींचा खोत यांची ही झोंबाझोंबी जिल्ह्याबाहेरच्या माणसालाही आवडते. पण रत्नागिरीत ती बघताना तिच्या पोटात इतिहास असतो. खोतीनं इथल्या कुळांना पिढ्यानपिढ्या वाकवलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं आणि प्रत्यक्ष कायदा व्हायला १९४९ उजाडलं. ज्याच्या आजोबांनी खोताच्या अंगणात चपला हातात घेऊन उभं राहून फाळा भरला, तो नातू पडद्यावर खोताला म्हाताऱ्याची नाडी बघून हिरमुसलेला पाहतो तेव्हा कितीही वेळा हसेल. मुळातलं बंगाली नाटक इतक्या सहज कोकणात रुजलं, कारण जमीनदार तिथेही होते. परक्या मातीतली गोष्ट इथे लागू पडते ती अशा दुखण्याच्या वाटेनं.

रत्नागिरीच्या विनोदाचा विषय निघाला की अंतू बर्वा आठवणारच. तो चित्रपटातला नाही, पु. ल. देशपांड्यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’तला. पण पुन्हा पुन्हा ऐकण्याचं त्याच्याइतकं मोठं उदाहरण मराठीत दुसरं नाही. मुलगा मुंबईला, घरात एकटेपण, पैशाची चणचण, आणि त्यातून निघणारं ते तिरकं, कोरडं बोलणं. ध्वनिमुद्रण ऐकताना लोक सुरुवातीला खदखदून हसतात आणि वय वाढत जातं तसं त्याच ठिकाणी हसू हळू होत जातं. ऐकणारा बदलतो म्हणून ऐकलेलं बदलतं. पुलंचा ‘गुळाचा गणपती’ (१९५३) मी या पुस्तकात घेतला आहे तो याच वाटेनं. लेखन, दिग्दर्शन, संगीत आणि नायकाचं काम अशी सगळी धुरा त्यांनी एकट्यानं वाहिलेला तो चित्रपट. त्यातला भोळा नाऱ्या स्वप्नात राहतो आणि जागेपणी ठेचकाळतो, तो तरुणपणी गमतीदार वाटतो आणि पुढे जवळचा.

अपेक्षाभंगाच्या उपपत्तीला सगळ्यात जोराचा धक्का मात्र ‘धूमधडाका’ देतो. महेश कोठारे यांचा हा १९८५ चा चित्रपट. तमिळमध्ये श्रीधर यांनी १९६४ साली ‘कादलिक्क नेरमिल्लै’ केला, १९६६ साली त्याचा हिंदीत ‘प्यार किये जा’ झाला आणि मग तो मराठीत आला. चित्रपटवेडा मुलगा आपल्या वडिलांना भुताच्या सिनेमाची गोष्ट सांगतो, तो प्रसंग तमिळमध्ये नागेश आणि बालय्या यांनी केला, हिंदीत मेहमूद आणि ओमप्रकाश यांनी, मराठीत लक्ष्मीकांत बेर्डे आणि शरद तळवलकर यांनी. गोष्ट सांगणारा तोंडानं दार करकरवतो, वारा घोंघावतो, पावलं वाजवतो. पण तिन्ही ठिकाणी मी ऐकणाऱ्याकडे बघत राहते. तळवलकरांचे धनाजीराव वाकडे हे पैसेवाले, तिरसट गृहस्थ. त्यांना मुलाच्या सिनेमाच्या खुळाचा मनस्वी तिटकारा. आणि तेच अंग चोरून, डोळे विस्फारून पुढे काय झालं याची वाट बघतात. बापाचा करारीपणा पोरानं तोंडानं काढलेल्या आवाजांनी वितळवला. तीन भाषांत, वीस वर्षांत, तोच प्रसंग तितक्याच जोरानं चालला. नवेपणाचा त्यात भाग किती असणार?

अभिनयाबद्दल आणखी एक सांगायला हवं. पुन्हा बघण्यासारखे विनोदी चित्रपट बहुतेक वेळा ऐकणाऱ्या नटांचे असतात. बोलणाऱ्याचं वाक्य आपल्याला पाठ झालेलं असतं, म्हणून नजर मोकळी होते आणि ती शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे जाते. शरद तळवलकर, सुधीर जोशी, राजा गोसावी हे या ऐकण्याचे मोठे नट. सुधीर जोशी आणि लक्ष्मीकांत बेर्डे आज आपल्यात नाहीत आणि ‘बनवाबनवी’तला शंतनू, सिद्धार्थ रे, तर फार लवकर गेला. ओटीवर बसलेली माणसं चित्रपट चालू असताना हे हमखास बोलून दाखवतात. लगेच पुढच्या वाक्याला हसतात. दोन्ही गोष्टी त्यांच्या मनात एकत्र नांदतात आणि त्यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटत नाही.

सगळंच टिकलं असं मात्र मी म्हणणार नाही. लठ्ठ माणूस दिसला की हसा, तोतरा बोलला की हसा, काळी मुलगी बोहल्यावर आली की हसा, असा जो विनोद त्या काळच्या चित्रपटांत मुबलक होता तो आज बघताना खोलीतली माणसं गप्प होतात. विशेषतः ज्यांच्या घरात शाळकरी मुली आहेत ती. मला ते गप्प होणं योग्य वाटतं. आवडत्या चित्रपटांतही अशा जागा आहेत आणि त्या त्या प्रकरणात मी त्या झाकलेल्या नाहीत. आरडाओरडा आणि पडझड यांवर चाललेल्या दोन-तीनशे चित्रपटांबद्दल लिहिण्यासारखं माझ्याजवळ काही नाही.

अलीकडच्यांपैकी उमेश कुलकर्णी यांचे दोन चित्रपट मी घेतले आहेत. ‘वळू’ (२००८) मध्ये मोकाट बैल पकडायला वनखात्याचा अधिकारी येतो आणि बैलाच्या निमित्तानं अख्खं गाव उघडं पडतं. गिरीश कुलकर्णी यांच्या लेखनात खरे गावकरी कॅमेऱ्यासमोर जसे बोलतात तसेच पडद्यावरचे गावकरी बोलतात. बैलाबद्दल सांगता सांगता स्वतःची पत वाढवून घेतात. हा शुद्ध आनंदाचा चित्रपट आहे. ‘देऊळ’ (२०११) मात्र देवस्थानाच्या गावात राहून बघणं वेगळं असतं. करडी गाय शोधायला गेलेल्या केश्याला दत्त दिसतो आणि बघता बघता गावात देऊळ उभं राहतं, दुकानं लागतात, जमिनींचे भाव फिरतात. गणपतीपुळ्याचा गणपती स्वयंभू, देवस्थान जुनं. चित्रपटातल्या मंगरूळशी त्याची तुलना करायची नाही. पण देवामागून माणसं येतात, माणसांमागून खोल्या येतात, आणि त्यातल्या दोन माझ्याच आहेत. म्हणून ‘देऊळ’ला मी प्रत्येक वेळी हसते आणि प्रत्येक वेळी केश्याच्या बाजूनं थोडी अधिक झुकते. त्याला दिसलं ते खरं होतं की नाही याची गावाला गरजच उरत नाही, ही त्या चित्रपटातली सगळ्यात जिव्हारी लागणारी गंमत.

आणि ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९). दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढला त्या धडपडीवर परेश मोकाशी यांनी केलेला हा चित्रपट. स्त्रीभूमिका करायला बायका मिळेनात, म्हणून तारामतीचं काम साळुंके नावाच्या पुरुषानं केलं हा इतिहास. चित्रपटात बाप्यांना मिशा काढायला लावतात, साड्या नेसून वावरायला लावतात. इथे मला नमनातल्या गवळणी दिसतात आणि सुधा-पार्वतीही दिसतात. भारतीय सिनेमाचा पहिला कथापट ज्या अडचणीतून गेला, तीच अडचण पंचाहत्तर वर्षांनी मराठीतल्या सर्वांत लाडक्या विनोदी चित्रपटाचं भांडवल झाली. फाळक्यांना नटी मिळत नव्हती, धनंजय मानेला खोली.

प्रकरणं काळाच्या क्रमानं लावली आहेत, पण ती तशीच वाचायला हवीत असं नाही. प्रत्येक चित्रपटातला एखादाच प्रसंग मी जवळून पाहिला आहे. कथानकं सांगत बसलेले नाही, कारण ती वाचकांना माझ्याइतकीच ठाऊक आहेत. ‘वस्त्रहरण’ नाटक असल्यामुळे यात नाही, याची खंत मला आहे. गंगाराम गवाणकर आमच्याच जिल्ह्यातल्या राजापूर तालुक्यातल्या माडबनचे, आणि पाच हजारांहून अधिक प्रयोग झालेल्या त्या नाटकाला तेच ते प्रेक्षक किती वेळा आले असतील! त्यावर स्वतंत्र पुस्तक व्हायला हवं.

सुरुवात ‘लाखाची गोष्ट’पासून आहे. १९५२ साल, राजा परांजपे यांचं दिग्दर्शन, लेखन आणि गीतं गदिमांची, संगीत सुधीर फडक्यांचं. खिशात दमडी नसलेल्या तरुणांपुढे अट येते ती महिन्याभरात एक लाख रुपये खर्च करून दाखवण्याची, आणि पैसा मिळवण्यापेक्षा तो संपवणंच त्यांना जड जातं. पहिलं प्रकरण त्या पैशाच्या पेटीपाशी सुरू होतं.

गणपतीपुळे